वस्तादांची पाठ

आमच्या पेठेत बाईनं तालमीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. आत मारुती, मारुतीपुढं लाल मातीचा हौदा, आणि हौद्यात लंगोट लावलेले पैलवान. तिथं बाईचं काय काम? तालमीवरनं जाताना आम्ही पदर पुढं ओढून, खाली मान घालून, पलीकडच्या कडेनं जायचो. आणि तरी त्या तालमीच्या चाळीस फूट भिंतीवरचं चित्र मी काढलं. भिंत न बघता, बरं का.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर मुरगूडचं. वडील मास्तर. मला चित्रं काढायचं वेड, म्हणून लोकांची बोलणी खाऊन त्यांनी मला कोल्हापुरात मावशीकडं ठेवलं आणि चित्रकलेच्या कॉलेजात घातलं. चार वर्षांचा कोर्स. तीन झाली आणि चौथ्याच्या आधी उन्हाळ्यात हे स्थळ आलं. सासरे पेठेतल्या तालमीचे वस्ताद, म्हणजे पोरांना कुस्ती शिकवणारे गुरू. मुलगा गुळाच्या अडत दुकानात लिहायला. वडिलांनी मध्यस्थाला विचारलं, "शिक्षण पुरं करू देतील न्हवं?" तो म्हणाला, "देतील की! न द्यायला काय झालं?"

काय झालं ते मला लग्नानंतर कळलं. जून आला, गेला. कुणी विषयच काढेना. दुसरा जून आला, तोही गेला. मी कॉलेजचं नाव घेतलं की सासूबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "बघू की." त्यांना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. आमचे हे तर विषय निघाला की चप्पल घालून बाहेरच पडायचे.

घर वाईट नव्हतं, उगाच का म्हणू? खायला-प्यायला कमी नव्हतं, कुणी हात उगारला नाही. पण दोन वर्षांत मी देवळाला आणि माहेराला सोडून कुठं गेले नाही, आणि तेही कुणीतरी सोबत असलं तरच. दुपारी मला माडी मिळायची. दहा फुटांची बुटकी खोली, एक खिडकी, आणि जिन्याच्या तोंडावर लाकडी झडप. पुढच्या सोप्यावर परकी पुरुषमाणसं आली की आत्याबाई ती झडप लावून घ्यायच्या. पावणं जाईपर्यंत मी वर. एकदा शिरोळकडचे पावणं जेवून तिथंच लवंडले आणि दिवस मावळेपर्यंत मी वर पाण्याशिवाय बसले. रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण आग ओकायची कुणावर?

त्या वर्षी पेठेची जुनी तालीम पाडून नवी बांधायला घेतली होती. तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. पेठेतलं भांडण तालमीत मिटायचं, गणपती तालमीचा, पुरात भाकरी गोळा करायची तर तालमीत, पोरगी बघायला आलेल्या पावण्यांची चौकशीसुद्धा तालमीच्या कट्ट्यावर व्हायची. नव्या इमारतीत एक मोठी सलग भिंत होती. तिच्यावर पेठेच्या जुन्या पैलवानांचं चित्र असावं, असं पोरांच्या मनात आलं, आणि ती कॉलेजात माझ्या सरांकडं गेली. सर त्यांना म्हणाले, "माझ्याकडं कशाला आलात? तुमच्या वस्तादांची सून आहे की. तिच्यासारखा हात माझ्या वर्गात परत आला नाही."

वस्तादांच्या सुनेचं नाव वस्तादांपुढं काढणार कोण? शेवटी पुढच्या रविवारी सर स्वतःच त्यांना घेऊन आमच्या सोप्यावर आले. झडप लागली. मी वर पालथी पडून फळीला कान लावला.

मामंजींचा आवाज आला, "मास्तर, तुमचा मान हाय. पर बाईमाणसाचा पाय तालमीत पडायचा न्हाय. ते जमायचं न्हाय."

"पाय कशाला? हात पुरे आहे," सर म्हणाले. "ती इथं घरात कागदावर काढेल. पोरं भिंतीवर उतरवतील."

मग त्यांनी खाक्याची रीत समजावून सांगितली. मोठ्या कागदावर चित्र काढायचं, रेघेवरनं सुईनं भोकं पाडत जायची, कागद भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या पुडीची पोटली वरनं आपटायची. भोकांतनं पूड जाते आणि भिंतीवर ठिपक्यांनी चित्र उमटतं. त्यात रंग भरला की झालं. मामंजींनी ती रीत परत एकदा विचारून घेतली. मग म्हणाले, "ह्यात अडचण न्हाय."

"माझी एक अट आहे," सर म्हणाले. "पोरीचं शेवटचं वर्ष राहिलंय. भिंत झाली की जूनपासून तिला कॉलेजला पाठवायचं."

बाई गं! मी कान फळीला आणखी दाबला.

"दिला शब्द," मामंजी म्हणाले.

वस्तादांनी चारचौघांत दिलेला शब्द! मी पदर तोंडात कोंबला, नाहीतर वरनं ओरडलेच असते.

त्या दिवसापासून माडीवर कागदच कागद. आमच्या ह्यांनी सुंभानं भिंत मोजून आणली. डाव्या हाताला दार, उजव्या टोकाला मारुतीचा गाभारा, मधे चाळीस फूट. मी ठरवलं, पेठेतले सगळे जुने पैलवान दाराकडनं मारुतीकडं निघालेत. कुणाच्या खांद्यावर गदा, कुणाच्या डोक्यावर फेटा, कुणी दंड थोपटतोय. मधोमध मामंजी, तरुणपणीचे, सगळ्यांपेक्षा मोठे, मारुतीला हात जोडलेले. त्यांचा एक जुना फोटो होता, त्यावरनं काढले. उंचीला चार कागद लागले, एकाखाली एक.

तीन-चार महिने मी ते करत होते. सकाळी चूल, भाकऱ्या, म्हैस, दुपारी सुई. बोटांची चाळण झाली. पण खरी तगमग वेगळीच होती. दहा फुटांच्या माडीवर तीन कागद पसरले की जागा संपायची. चौथा काढायचा तर पहिला गुंडाळायचा. अख्खं चित्र मी एकदाही बघितलं नाही. माडीच्या खिडकीतनं नव्या तालमीची मागची भिंत दिसायची, मधे फक्त बोळ. बांबूच्या परांचीचे आवाज यायचे, पोरांच्या शिव्या ऐकू यायच्या, रंगाचा वास यायचा. माझं चित्र माझ्यापासून वीस पावलांवर, आणि मी ते वासावरनं ओळखायचं!

संध्याकाळी हे आले की मी धरायची. "कसं दिसतंय?"

"चांगलं दिसतंय."

"चांगलं म्हणजे?"

"म्हणजे... चांगलंच की."

डोंबल चांगलं! लंगोटाचा रंग कोणता भरला, सावली कुठं टाकली, डोळे कसे जमले, काही म्हणून सांगता यायचं नाही ह्यांना. माणूस साधा हो, मनानं वाईट नाही. पण गुळाच्या ढेपेपलीकडं निरखून काही बघितलंच नव्हतं.

मामंजीसुद्धा आत गेले नव्हते. जुनी तालीम पाडली तेव्हा मारुती पत्र्याच्या शेडमधे ठेवला होता, आणि मामंजींनी सांगून टाकलं होतं, "देव आत गेल्याबिगर मी आत पाऊल टाकणार न्हाय." हनुमान जयंतीला स्थापना ठरली. देवामागनं वस्ताद, वस्तादांमागनं पेठ.

जयंतीला आठ दिवस उरले असताना हे जेवायला बसले होते. मी वाढत होते. सहज हसत वडलांबद्दल म्हणाले, "आबांचं चित्र मात्र झक्कास झालंय. दारातनं आत पाऊल टाकलं की समोरच. आपल्याकडंच बघतायत. वाटतं आता विचारणार, किती जोर मारलेस?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"आपल्याकडं? दाराकडं तोंड आहे?"

"व्हय. का?"

"अहो, त्यांचं तोंड मारुतीकडं आहे! मी मारुतीकडं काढलंय!"

हे घास घ्यायचे थांबले. डोळे मिटून आठवायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. बाकीचे सगळे मारुतीकडं निघालेले, आणि मधोमध वस्ताद उलटे. मारुतीकडं पाठ करून.

आता हे किती वाईट, ते तालमीबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. तालमीत मारुतीला पाठ कुणी दाखवत नाही. हौद्यातनं बाहेर पडतानासुद्धा उलट्या पावलांनी येतात. एकदा एक पोरगा कुस्ती हरला आणि रागानं तसाच वळून बाहेर गेला, तर मामंजींनी त्याला पाचशे बैठका मारायला लावल्या होत्या. आणि आता सगळ्या पेठेला मागं घेऊन हेच मामंजी आत जाणार आणि भिंतीवर स्वतःचीच पाठ देवाकडं झालेली बघणार. मग कसलं कॉलेज आणि कसला शब्द!

हे तसेच हात धुऊन तालमीच्या थोरल्या पठ्ठ्याकडं गेले. परत आले ते कपाळाला हात लावूनच. त्या पठ्ठ्यानं सांगितलं होतं, "कोळशाची पोटली वस्तादांच्या तोंडावर मारायची म्हणजे त्यांच्या तोंडाला काळं फासल्यागत की! हात न्हाय धजला. मग वस्तादांचे चारी कागद उलटे लावले आन पाठीमागनं पोटली मारली. तोंडाला डाग लागू दिला न्हाय."

कप्पाळ माझं! मान राखायला गेले आणि माणूसच फिरवून ठेवला. एका अंगाला मला हसू फुटत होतं आणि दुसऱ्या अंगाला डोळ्यांतनं पाणी. मी विचारलं, "आणि पाठ देवाकडं झाली ते कुणाला दिसलं नाही?"

"दिसलं म्हणं. पर वस्तादांच्या सुनंनं काढलंया, आमी कोण बोलणार, असं म्हणाला. दारातनं येणाऱ्या पोरांवर वस्ताद नजर ठेवायलेत, असं समजले."

"मग त्यांना सांगा, वरनं पांढरा हात मारा. मी नवा खाका देते."

"विचारलं. वस्तादांच्या तोंडावर चुना फासायला एक जण तयार न्हाय."

आता राहिलं कोण? आमचे हे? ह्यांना घराच्या दाराला रंग लावता आला नसता. आणि नवा खाका तरी कशावर बेतायचा? शेजारच्या पैलवानांची कोपरं कुठं आली, गदा कुठं टेकली, हे बघितल्याशिवाय मधला माणूस बसणार कसा? मला आत जायला पाहिजे होतं. हे मी मोठ्यानं बोलले तेव्हा ह्यांनी आधी दार लावलं.

"खुळी हाईस काय? आबांना कळलं तर?"

तेवढ्यात आत्याबाई न्हाणीघरातनं आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्या चुलीपुढं बसल्या, निखारे मागं ओढले आणि म्हणाल्या, "देव बसलाय काय आत अजून?"

"न्हाय," हे म्हणाले.

"माती पडलीया हौद्यात?"

"न्हाय. परवा टाकणार."

"मग ती तालीम कुठली? चार भिंती आन छप्पर. गवंड्याच्या हाताखाली सहा म्हैने बाया इटा वाहत हुत्या आत. त्यांस्नी कोण अडवलं? आमी तेवढ्या इटाळाच्या व्हय?" आणि मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मी बी येणार."

दुसऱ्या दिवशी मामंजी मलकापूरकडं कुस्तीच्या मैदानाला पंच म्हणून गेले. दुपारी पेठ जेवून आडवी झाली होती. ह्यांनी दुकानातनं सुट्टी काढली, पोरांना सांगितलं रंग वाळायला पाहिजे, कुणी फिरकू नका, आणि बोळाकडचं दार उघडलं. आम्ही दोघी डोक्यावरनं पदर घेऊन बोळ ओलांडला. वीस पावलं असतील. कोपऱ्यावरच्या नळाला एक बाई कळशी लावून पाठमोरी उभी होती. तिनं वळून बघितलं की नाही, मला ठाऊक नाही.

आत गेल्यावर आत्याबाई मधोमध उभ्या राहिल्या. रिकामा हौदा, रिकामा गाभारा, चुन्याचा वास. चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय?"

मी रंगाचे डबे गोळा करायला लागले.

"चाळीस वर्सं ह्यांचा खुराक केला मी. बदाम वाटून वाटून मनगट गेलं. मला वाटायचं, आत काय आन काय असंल." त्या पदरानं नाक पुसत बसल्या.

मी भिंतीकडं वळले. काय सांगू! अख्खी भिंत, एका नजरेत, पहिल्यांदा. चुका तर ढीगभर. सगळ्यांचे लंगोट एकाच तांबड्या रंगाचे, सावल्या जिकडं तिकडं, एकाला सहा बोटं. पण माणसं चालत होती. खरंच चालत होती, मारुतीकडं. हे मी केलंय, ह्या भोकं पडलेल्या बोटांनी केलंय, असं वाटून मला हुंदका आला. आनंद आणि संताप एकदमच आला. इतके महिने हे सगळं इथं होतं आणि मला कुणी बघू दिलं नव्हतं.

मग मी पदर खोचला आणि वस्तादांच्या तोंडावर पांढरा हात मारला. आमच्या ह्यांनी तोंड फिरवलं.

खाका नव्हताच. मी कोळशानं थेट भिंतीवर रेघ ओढली. आत्याबाई पालथ्या घमेल्यावर बसून सांगत होत्या, आणि त्या काय सांगतायत त्याचं भान त्यांना नव्हतं. "मान अशी जाड नव्हती तवा. कान डावा चेचलेला. खांदे लई रुंद. पाठीवर उजव्या बाजूला हितं एक व्रण हाय, इतका, चंद्राच्या कोरीगत. कुस्तीत न्हवं, विहिरीत उडी टाकताना लागलेला." मी ते सगळं काढलं. तिरके उभे, थोडी पाठ आपल्याकडं, तोंड मारुतीकडं, हात जोडलेले. डिस्टेंपर वाळत आला की पाणी मारायचं आणि पुढं जायचं. चार तास मी परांचीवर होते. तहान लागलेली कळली नाही. खाली उतरले तेव्हा हे बघत राहिले आणि म्हणाले, "हे आबाच हायत." आत्याबाई उठल्या. जवळ जाऊन त्यांनी बोटाच्या टोकानं त्या व्रणाला हात लावला आणि बोटाला लागलेला ओला रंग तसाच घेऊन घरी आल्या.

पोरांना ह्यांनी सांगून टाकलं, बाहेरगावचा पेंटर आणून वस्ताद फिरवून घेतले. हनुमान जयंतीला पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, हलगी, गुलाल. बाया गच्च्यांवर आणि खिडक्यांत. आम्ही दोघी माडीवर. देव आत गेला, मामंजी आत गेले, पेठ आत गेली. मग बराच वेळ काही ऐकू येईना. शेवटी कर्णा खरखरला. कुणी तरी पाहुणे भिंतीचं कौतुक करत होते, अशी भिंत जिल्ह्यात न्हाय वगैरे. मग मामंजींचा आवाज आला. ते कधी कर्ण्यावर बोलायचे नाहीत.

"ही भिंत माझ्या सुनंनं काढलीया. आन एक सांगतो. दोन वर्सांत देऊळ-माहेर सोडून तिनं घराचा उंबरा वलांडला न्हाय. माडीवर बसून, भिंत डोळ्यांनी न बघता काढलीया. हे आमच्या घराचं वळण हाय."

टाळ्या काय, शिट्ट्या काय! खिडकीखालच्या बाया वर बघून मला हात करत होत्या. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं होतं ते दुखायला लागलं.

दिवेलागणीला मामंजी घरी आले. पाय धुतले, सोप्यावर बसले, पाणी प्याले. मग आत्याबाईंना म्हणाले, "पाठीवरचा व्रण तिला कोण सांगितला?"

आत्याबाई म्हणाल्या, "चाळीस वर्सं तेल लावलंया मी त्या पाठीला."

"आन तो हात पोरांचा न्हवं. आत गेल्या गेल्या वळखलं मी." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "आधी काय हुतं तितं?"

आमच्या ह्यांनी अडखळत सगळं सांगितलं. कोळसा, उलटे कागद, पाठ. मामंजी ऐकत राहिले. राग दिसला नाही. उलट एकदा ओठ हलले, हसू दाबल्यासारखे.

"माझी लाज राखलीस," ते म्हणाले.

मला बळ आलं. "मग कर्ण्यावर तसं का बोललात, मामंजी? तुम्हाला तर माहीत होतं."

"म्हणूनच बोललो. दिवसाढवळ्या बोळातनं गेलाय तुम्ही. कुणी ना कुणी बघितलंच असंल. त्यानं तोंड उघडायच्या आत मी उघडलं. आता वस्ताद खोटं बोलतो म्हणायची कुणाची छाती हाय?"

"आणि माझं कॉलेज?"

त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, "उंबरा वलांडत न्हाय म्हणून सगळ्या पेठंसमोर सांगितलेली सून जूनमदी पिशवी घिऊन निघाली तर लोक काय म्हणतील?"

"पण तुमचा शब्द होता!"

"दोन्ही माझेच शब्द हायत," ते म्हणाले. "पयला पाळायचा तर दुसरा मोडला पायजे. मोडतो. चल, आत्ता तालमीत जाऊन सांगतो, माझी सून आत आलती, आन ते चित्र तिच्या हातचं हाय. देव बसला नव्हता, माती पडली नव्हती, हे पेठंला पटवत बस तू. भिंत खरवडतील. देव उठवून परत बसवतील. मग जा कॉलेजला. मी अडवणार न्हाय."

ते खरोखरच उठून उभे राहिले. फेटा उचलला. नुसती धमकी असती तर मी तोंडावर बोलले असते, पण ती धमकी नव्हती. हे दारात, आत्याबाई चुलीपाशी, आणि सगळे माझ्याकडं बघत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

माझ्या डोळ्यांपुढं खरवडणारी पोरं आली. ते रुंद खांदे, तो व्रण, ती पुढं निघालेली माणसं. माझ्या हातची एवढी एकच गोष्ट जगात होती.

"राहू द्या," मी म्हटलं.

"काय?"

"भिंत राहू द्या."

मामंजींनी फेटा परत खुंटीला लावला. "शानी हाईस," म्हणाले. तो शब्द मला अजून कुणी म्हटलेला खपत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सर आले. ह्या वेळी मामंजींनी मला खाली बोलावलं. म्हणाले, "तिलाच इचारा, मास्तर. माझी ना न्हाय." सरांनी शबनममधनं प्रवेशाचा फॉर्म काढला, सगळा भरून आणला होता, फक्त सहीची जागा मोकळी. पेनचं टोपण काढून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "भिंत बघून आलो गं मी. मधला माणूस खाक्यावरचा नाही. कसा काढलास?"

काय सांगणार होते मी? खरं सांगावं तर भिंत जाते. मामंजींच्या नावानं बोटं मोडावीत तर तेही खोटं, त्यांनी मला विचारलं होतं. मी जमिनीकडं बघत म्हणाले, "मला नाही शिकायचं आता, सर. घरात बरं आहे."

सर थोडा वेळ पेन तसंच धरून बसले. मग टोपण लावलं. "तुझ्याकडनं ही अपेक्षा नव्हती," इतकंच बोलले, फॉर्मची घडी केली आणि चहा न घेता गेले. पुन्हा कधी आमच्या पेठेत आले नाहीत. पाच-सहा वर्षांनी ते गेल्याचं कळलं. जाईपर्यंत त्यांना हेच वाटत होतं, की पोरीला शिकायचंच नव्हतं.